वसुधाताईंनी दोह्यातून पाहिलेला अंतिम सामना

वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट दोह्यातल्या आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. मी रत्नागिरीहून नुकताच आलो होतो. हिंदीत अडखळत होतो, तेव्हा त्यांनीच विचारलं, "कोकणातले ना तुम्ही? मग मराठीत बोला की!" तेवढ्यानेही मला धीर आला.

कामात ताई कडक. निकालाबद्दल जराशी शंका आली तरी चाचणी पुन्हा करायला लावत. मात्र स्वतःही शेजारी उभ्या राहत.

त्यांची लेक आयर्लंडमध्ये. नातू ईशान तिथल्या हर्लिंगचा वेडा. सपाट लाकडी काठ्यांनी लहानसा चेंडू हवेतून टोलवायचा हा खेळ. ईशानला मराठी समजे, पण उत्तर इंग्रजीतच येई. त्याच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा, म्हणून नाशिकच्या या आजी हर्लिंगचे नियम शिकल्या.

एका वर्षी ईशानच्या जिल्ह्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. आजी-नातवाने तो मैदानावर एकत्र पाहायचा ठरवला. ताईंची रजा मंजूर झाली, आणि त्याच आठवड्यात माझ्या अब्बांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आमच्याकडे एका वेळी एकालाच रजा मिळे. मी काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, "इरफान, यल्ला, चल, बॅग भर. सामना काय, टीव्हीवरही दिसतो."

अब्बा बरे झाले. सामन्याच्या दिवसाची हकीकत मला पुढे ताईंच्या यजमानांकडून कळली. दोह्याच्या अल अझीझिया भागातल्या घरी ताई टीव्हीसमोरून हलल्या नव्हत्या. संघ अगदी शेवटी एका गुणाने हरला. मैदानातून ईशानचा फोन आला. तो रडत होता. "आजी, तू इथे पाहिजे होतीस," तो म्हणाला. पहिल्यांदाच मराठीत. ताईंनी त्याची समजूत घातली, फोन ठेवला आणि कितीतरी वेळ बाल्कनीत एकट्याच उभ्या राहिल्या.

माझ्यापाशी त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. मी परतल्यावर त्यांनी विचारलं ते एवढंच, "अब्बा नीट जेवतात ना?"

साठी पूर्ण करून ताई आता लेकीकडे राहायला जात आहेत. प्रयोगशाळेत त्यांच्या रिकाम्या टेबलाकडे पाहायची आमची अजून तयारी नाही. तरीही मनापासून मागणं हेच, की त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, नातवाच्या शेजारी बसून, घसा बसेपर्यंत ओरडत पुष्कळ अंतिम सामने पाहायला मिळोत. आणि इन्शाल्ला, त्यांतला एखादा तरी ईशानचा संघ जिंको.