उम्म अल कुवैनमधलं काटवल

चंद्रपूरकडच्या जंगलात काटवल, म्हणजे करटुली, कोणी लावत नाही. पावसाळ्यात वेल आपले आप झुडपांवर चढतात आणि बायका टोपली घेऊन जातात. पण उम्म अल कुवैनच्या आमच्या भाड्याच्या घरामागे मी माहेरून आणलेले कंद लावायला बसले, तेव्हा नवरा हसला. तो कोल्हापूरचा, शारजात त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप. "कारलीच ना ही? येताना घेऊन येतो की."

"कारली नाहीत," एवढंच मी म्हणाले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वाळूत शेणखत मिसळलं, वर हिरवी जाळी बांधली. वेल कुंपणभर पसरले, पिवळी फुलं आली आणि सगळी गळून गेली. शेजारची मल्याळी बाई भिंतीवरून म्हणाली, "खलास, भाभी. इधर नहीं होगा." मी वेल उपटले नाहीत, पण रोज बघणं सोडलं.

सुट्टीत माहेरी गेले तर भावाबरोबर मुद्दाम जंगलात गेले. एकाच बोरीवर दोन वेल होते. एकाला नुसती फुलं, दुसऱ्याला फळं लगडलेली. फळं लागलेल्या वेलाच्या प्रत्येक फुलामागे इवलंसं काटेरी बोंड होतं. माझ्या वेलांवर ते कधी दिसलंच नव्हतं. मी त्या वेलाच्या बुडाशी खूण केली आणि भावाने कंद खणून दिले.

परत आल्यावर मुलीला सांगितलं, काटवलाचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. ती म्हणाली, "सो लास्ट इयर दे वेअर ऑल बॉइज?"

"सगळे."

या खेपेला बोंडं आली, पण तीही पिवळी पडू लागली. फुलं संध्याकाळी उमलायची आणि आमच्याकडे पाखरू फिरकत नव्हतं. मग मीच जुन्या वेलांवरचं नर फूल तोडून मादी फुलांवर हलकेच टेकवत गेले. मुलगी मागे टॉर्च घेऊन. थोड्याच दिवसांत बोंडं फुगली, हिरवी, काटेरी, अगदी जंगलातल्यासारखी.

पहिली भाजी कांद्यावर कुरकुरीत परतली. एक वाटी शेजारी पाठवली. नवऱ्याने जेवता जेवता कढई स्वतःकडे ओढून घेतली.

"कडू नाही गं ही."

पुढच्या शुक्रवारी तो पिकअपमध्ये लोखंडी मांडव घालून आला, स्वतः वेल्ड केलेला. अंगणात उभा करून घाम पुसत म्हणाला, "एवढा पुरेल?"

मी वर बघितलं. "नाही," म्हणाले, "अजून एक लागेल."