म्हशीचा सीन

शिट्ट्या थांबाव्यात म्हणून मी एकदा चालू सिनेमातला अख्खा सीन खाऊन टाकला. दिग्दर्शकाला विचारलं नाही, टॉकीजच्या शेठना विचारलं नाही. वर संध्याकाळी स्वतःवर खूश होऊन सगळ्या स्टाफला शेवभाजी खाऊ घातली. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं.

धुळ्यातल्या एका सिंगल स्क्रीन टॉकीजची मी मॅनेजर होते. सिंगल स्क्रीन म्हणजे एकच पडदा, वर बाल्कनी, खाली स्टॉल आणि इंटरव्हलला वडापावच्या एकाच खिडकीवर सगळ्यांची झोंबाझोंबी. नोकरीला लागले ती लेडीज बुकिंगच्या खिडकीत. तिथून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोचायला इतकी वर्षं गेली, की खुर्ची मिळाली तेव्हा समोरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

त्या आठवड्यात एक फौजी भुताचा सिनेमा लागला. नाव सांगत नाही, कारण दिग्दर्शक जळगावचाच आहे आणि अजून मला दिवाळीला मेसेज करतो. फौजेची एक तुकडी जंगलात रस्ता चुकते, पडक्या चौकीजवळ मुक्काम करते आणि मेलेल्या सुभेदाराचं भूत एकेकाला उचलतं. कागदावर बरं होतं. पैसे मात्र नव्हते. बॉर्डरचं जंगल म्हणून यावलच्या पुढचा सातपुडा दाखवला होता. वर्द्या ड्रेपरीवाल्याकडच्या, म्हणजे नाटकांना कपडे भाड्याने देतो त्याच्याकडच्या. भूत नीट दिसू नये म्हणून सगळीकडे अंधार केला होता, त्यामुळे फौजीही दिसेनात.

माझी एक सवय होती. खेळ सुटला की मी बाहेरच्या दारात उभी राहायचे. लोक काय बोलतात ते ऐकायचे. दिग्दर्शकानेच विनंती केली होती, "मॅडम, पब्लिकचं मत मला रोज कळवा. खरं खरं कळवा." मला अशी विनंती म्हणजे मांजरीला दुधाची राखण.

"बॉर्डरवर केळी लागतात हे आजच कळलं," एक कॉलेजचा पोरगा म्हणाला.

"भुताच्या पायात स्पोर्ट शूज होते हो," त्याची मैत्रीण.

वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले एक नाना थांबून म्हणाले, "बाई, बंदूक कुठल्या बाजूने धरायची, एवढं तरी कुणाला विचारायचं होतं."

"यापेक्षा आमच्या गल्लीतला लाईनमन भारी. तो आला की खरा अंधार होतो," मागून आणखी कुणीतरी.

मी हे सगळं फोनवर दिग्दर्शकाला ऐकवायचे, आवाज काढून काढून. तो बिचारा हं हं म्हणायचा.

पण सगळ्यांचा एकमुखाने राग होता तो म्हशीच्या सीनवर. रात्रीचा तंबू. कंदील. एक कोवळा फौजी बाकीच्यांना लहानपणीची गोष्ट सांगतो. म्हैस चरायला गेली ती परत आलीच नाही. मग तो तिला शोधायला निघाला. नाल्यात बघितलं, टेकडीवर बघितलं, मारुतीला नारळ बोलला. गोष्ट संपतच नाही. स्टॉलमधून शिट्ट्या सुरू व्हायच्या. "अरे, म्हैस सापडली का?" कुणीतरी ओरडायचं. शेवटी गोष्ट अर्धी असतानाच तंबूवर भूत येतं आणि कंदील विझतो. तेव्हा भुताला टाळ्या पडायच्या.

रविवारी स्टॉलमधून पडद्यावर चप्पल आली. मी तडक वर केबिनमध्ये गेले. आमचे ऑपरेटर दगडूभाऊ, म्हणजे मशीन चालवणारे, चहा पीत होते.

"दगडूभाऊ, पुढच्या खेळाला तंबू आला की पिक्चर पुढे सरकवा. डायरेक्ट भुतावर."

"मॅडम, असं मधूनच कसं?"

"रिळं होती तेव्हा तुम्ही गाणी कापत नव्हता?"

"तेव्हा शेठ सांगायचे."

"आता मी सांगते."

आता रिळं नसतात. सिनेमा सॅटेलाईटवरून कॉम्प्युटरमध्ये उतरतो आणि जेवढ्या खेळांचं लायसन्स घेतलं तेवढेच खेळ उघडतो. पण पुढे सरकवायला एक बटण पुरतं. दगडूभाऊंनी ते दाबलं. शिट्ट्या बंद झाल्या. दारात एक जण म्हणालासुद्धा, "ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही." शेठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही मुंबईला एडिटर व्हायला पाहिजे होतं." शेवभाजी त्याच संध्याकाळची. आणि रात्री फोनवर दिग्दर्शकाला मी ऐटीत सल्ला दिला, "पब्लिकचं मत एकच आहे. म्हैस काढा."

गुरुवारी दुपारचा खेळ शेवटचा होता. शुक्रवारपासून दुसरा सिनेमा, म्हणून पोरं पोस्टर उतरवायला शिडी लावत होती. बुकिंगच्या खिडकीपाशी एक बाई उभी होती. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पोस्टरकडे बघत होती.

"अक्का, हाऊच पिच्चर शे ना फौजना?"

"हो. पण एकट्या बघणार? भुताचा आहे."

"मना पोऱ्या शे त्यामा. फौजी बनेल शे."

मुलाला फौजी झालेला बघायला ती पिंपळनेरहून एसटीने आली होती. नाव इंदूबाई. मी कौतुकाने विचारलं, "मग तो का नाही आला सोबत?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिचा भूषण मिलिटरी भरतीला धावायचा. दरवेळी उंचीत बाद व्हायचा. मग या सिनेमात त्याला वर्दी मिळाली. गावभर सांगत सुटला होता की मोठ्या पडद्यावर दिसणार. आणि सिनेमा लागायच्या आधीच साक्री रोडला मोटरसायकलच्या अपघातात गेला. वर्दीतला त्याचा फोटोही घरात नव्हता. सेटवर मोबाईल वापरू देत नव्हते. सुतक, दिवस, सगळं उरकून ती आज निघू शकली होती.

मी तिच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. बाल्कनीत मधोमध बसवलं, पंख्याखाली. चहा पाठवला. मनात म्हणाले, किती चांगली गं तू.

दगडूभाऊंनी इंटरकॉमवर विचारलं, "मॅडम, आजही रोजच्यासारखंच?"

"रोजच्यासारखंच," मी म्हणाले. माझं लक्ष नव्या पोस्टरकडे होतं. सिनेमात दहा-बारा फौजी होते. त्यातला कुठला तरी असेल, दिसेल कुठे तरी. तोंडं कुणाची धड दिसत नव्हती, तंबूतला तो कंदिलाचा सीन सोडला तर. एवढं माझ्या हुशार डोक्यात आलं नाही.

खेळ सुटला. मोजकी माणसं हसत बाहेर पडली. इंदूबाई आली नाही. मी वर गेले. ती तिथेच बसली होती, पदर तोंडाशी. त्या सिनेमाला घाबरलेली एकमेव प्रेक्षक.

"मी घाबरी गऊ, अक्का. डोया मिटी लिधात. तितलामाच ई गया का मना भूषण?"

डोळे मिटले तेवढ्यात येऊन गेला का, असं ती मला विचारत होती. चूक तिची झाली असं तिला वाटत होतं.

"कसा दिसायचा तो?" मी विचारलं.

तिने पिशवीतून रेशनकार्डावर लावतात तेवढा फोटो काढला. तो म्हशीवाला होता.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो, तेवढ्यातच आला असेल." एवढी वर्षं पब्लिकला तोंड दिलेली बाई मी. तिने मान हलवली. बस चुकेल म्हणाली आणि जिना उतरली.

मी केबिनमध्ये धावले. दगडूभाऊ कॉम्प्युटरसमोर नुसते बसले होते. त्यांनी वरच्या काचेतून सगळं बघितलं होतं. "लायसन्स संपलं, मॅडम. उघडतच नाही."

दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तो सीन आता कुठेच नाही. ऑनलाईनला दिली ती कॉपी नवी आहे, म्हैस काढलेली."

"का काढली?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना? पब्लिकचं मत."

"मूळ शूटिंग असेल ना?"

"हार्ड डिस्क भाड्याची होती. पुसून परत केली." मग तो म्हणाला, "डायलॉग लिहायलाही पैसे नव्हते, मॅडम. तो पोरगा सेटवर दिवसभर गोष्टी सांगायचा. मी म्हटलं, तुझंच काहीतरी बोल. एका टेकमध्ये बोलला."

त्यानंतर मी बरेच फोन केले. सॅटेलाईटवाल्यांना, ड्रेपरीवाल्याला, त्या सिनेमातल्या भुतालासुद्धा. भूत जळगावला मोबाईल दुरुस्त करतं. कुणाकडे काही नव्हतं.

पंधरवड्याने मी पिंपळनेरची एसटी पकडली. घर सापडायला वेळ लागला नाही. इंदूबाईने ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. तुझ्या डोळे मिटण्याचा दोष नाही. तो सीन आला नाही, कारण मी काढायला लावला. आता तो मिळणार नाही.

 अंगणात एक म्हैस बांधलेली होती, इंदूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, तो त्यात काय करत होता.

सीन मला तोंडपाठ होता. रविवारपर्यंत प्रत्येक खेळाला ऐकला होता, कपाळाला आठ्या घालून. मी सगळा सांगितला. तंबू, कंदील, वर्दी त्याला खांद्यात थोडी सैल होती ते. म्हैस गेली ती आली नाही, नाल्यात बघितलं, टेकडीवर बघितलं, मारुतीला नारळ बोलला. सांगताना कळलं की तो हात करून दाखवायचा, म्हैस केवढी ते. ते मी आधी पाहिलंच नव्हतं. तिने मला दोनदा थांबवून परत सांगायला लावलं. मला कंटाळा आला नाही.

आता मी रिटायर झाले आहे. टॉकीजही बंद आहे. घरी नातवंडं मोबाईलवर सिनेमा पुढे ढकलत ढकलत बघतात, मी ओरडते. ती हसतात. त्यांना वाटतं, आजीला जुन्या संथ सिनेमांची सवय आहे. पब्लिकचं मत ऐकावं. खोटं नसतं ते. पण पब्लिक दारातून बाहेर पडलेलं असतं, आणि एखादी बाई अजून एसटीत असते.

त्या दिवशी ओट्यावर मी शेवटी तो प्रश्न विचारलाच. स्टॉलमधले सगळे रोज ओरडून विचारायचे तो. भुतामुळे ज्याचं उत्तर सिनेमात कधी आलं नाही तो. म्हटलं, "इंदूबाई, म्हैस सापडली का मग?"

तिने पदराने डोळे पुसले. थोडी हसलीसुद्धा. आणि म्हणाली, तिच्याच शब्दांत लिहिते:

"म्हैस सांजलेच घर ई गई व्हती, अक्का. रातभर आम्ही त्यालेच धुंडत व्हतूत."