कारध्याचे चूपकाका आणि उजवा स्पीकर

ज्या माणसाच्या दुकानावर 'येथे आवाज दुरुस्त करून मिळेल' अशी पाटी होती, त्याचा गिऱ्हाइकाशी बोललेला पहिला शब्द 'चूप' असायचा. नमस्कार नाही, या-बसा नाही. गाडीचा स्पीकर बिघडलेला माणूस आत आला की बिघाड स्वतःच सांगू लागतो, वर तोंडानं तसा आवाजही काढून दाखवतो. काका हात वर करायचे. "चूप. तुमी नाही बिघडले. जो बिघडला त्याले बोलू द्या." त्यांचं खरं नाव कारध्यात फक्त मतदार यादीला ठाऊक होतं. बाकी जगासाठी ते चूपकाका.

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की रस्त्याच्या कडेला त्यांचं टिनाचं शेड. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती, तरी तिकडच्या गाड्या त्यांच्याकडेच यायच्या. "जिल्हा फोडता येते, कान नाही," असं ते मान न वळवता सांगायचे. पिळदार मिश्या, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात घड्याळाला घालतात तसला एक साधा सेल. या सेलवर त्यांची डॉक्टरकी चालायची. स्पीकरच्या दोन तारा सेलला टेकवायच्या. 'खर्र' झालं तर जीव आहे, नाही झालं तर नातेवाइकांना कळवा.

गाण्यांचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. "गान्यात मानूस गुतते आनि आवाज आयकाचा राहून जाते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून स्पीकर तपासायला त्यांनी स्वतःची कॅसेट भरली होती. एका बाजूला भातगिरणी, म्हणजे जाड आवाजाची परीक्षा. दुसऱ्या बाजूला काकू, म्हणजे बारीक आवाजाची. काकू एकदा पाण्याच्या हंड्यावरून शेजारणीशी भांडत होत्या, तेव्हा काकांनी गुपचूप टेप सुरू केला होता. पुढची वीस वर्षं भंडारा जिल्ह्यातल्या गाड्यांचे स्पीकर त्या भांडणात पास किंवा नापास झाले. काकू शेजारीच चहाची टपरी चालवायच्या. त्यांना याचं काडीचंही वाईट वाटत नसे. "माह्या तोंडावर याचं दुकान चालते," असं गिऱ्हाइकाच्या हातात कप ठेवता ठेवता त्या अभिमानानं सांगायच्या.

आता माझं प्रकरण. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासुरवाडी आसगावची. सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि त्यांनी आपल्या पैशानं एक पांढरी सेकंडहँड गाडी घेतली. चालवायचे सासरे, ज्यांना आमच्याकडच्या रीतीनं मी मामाजी म्हणतो. किल्ली देताना सासूबाईंनी त्यांच्याकडून देवासमोर वचन घेतलं होतं, की या गाडीत माणसं बसतील, धानाचं पोतं चढणार नाही. स्वतः त्या चपला हातात घेऊन गाडीत बसत.

अशी ही गाडी मामाजींनी एका रविवारी आपण होऊन माझ्या हाती दिली. "घेऊन जा, जवाईबापू. भंडाऱ्याचं काम उरकून संध्याकाळपर्यंत या. गाने लावा, पन आवाज जरा कमीच ठेवजा." मी हरखलो. अड्याळ मागे पडल्यावर डेकची बटनं फिरवून पाहिली, आवाज वाढवला, आणि मागच्या उजव्या स्पीकरमधून असं काही फर्रर्र झालं की मी गाडी थेट बाभळीखाली घेतली. सासूबाईंच्या गाडीचा स्पीकर मी फाडला होता. नव्या जावयाची अब्रू संध्याकाळपर्यंत शिवून घरी न्यायची होती. मी कारधा गाठलं.

"काका, माझ्या हातून..."

"चूप."

काका मागच्या सीटवर आडवे झाले आणि भातगिरणी लावली. उजवीकडे गिरणीला दमा झाल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. "आता आजार तारेसंगं डावीकडं गेला तं डेक खराब. उजवीकडंच राह्यला तं स्पीकर खराब. सोयरीक करतानी असंच पाहावं लागते, पोरगं खराब का घर खराब." आजार उजवीकडेच राहिला. मी अपराध्यासारखा खाली पाहत होतो. तेवढ्यात काकांनी विचारलं, "हे डाव्या-उजव्याचं बटन तुमीच फिरवलं काय?"

"हो. ते पूर्ण डावीकडे होतं. मी मधोमध आणलं."

"गाडी हाती आली तवाच डावीकडं होतं?"

"हो."

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "म्हंजे उजवा बोलू नये अशी कोनाची तरी मर्जी होती. चूप बसवलेला गवाह हाय हा."

त्यांनी मागच्या सीटपाठच्या फळीवरची जाळी काढली, चार स्क्रू सोडले आणि स्पीकर उचलून माझ्यासमोर धरला. कागदी पडद्याला एका कडेनं उंदरानं कुरतडलं होतं, आणि उरलेल्या खळग्यात मूठभर धान नि कोंडा होता. "आवाजानं फाटला असता तं चीर पडली असती," काका म्हणाले. "हे दाताचं काम. पोतं या फळीले टेकलं, धान जाळीतून खाली सांडलं, त्याच्यामागं उंदीर आला. तुमी आले सगळ्यात शेवटी."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वचन मोडलं मामाजींनी. बटन डावीकडे फिरवलं मामाजींनी. आणि गाडी मोठ्या प्रेमानं माझ्या हाती दिली, कारण आमच्याकडे सासू जावयाला कधी रागावत नाही. पाप माझ्या अंगावर ढकललं की ते तिथल्या तिथे जिरणार होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या म्हाताऱ्याचं कौतुकच वाटलं.

काकांनी नवा स्पीकर बसवला. त्याआधी सेल लावून दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी बाहेर येतात का ते पाहिलं. "एक आत नि एक बाहीर असला का दोघंही बोलतेत, पन जाडा आवाज मरते." टपरीतून काकू म्हणाल्या, "इतक्या वर्सांत आपला कवा एका वेळी बाहीर आला, ते सांगा त्याईले." काकांनी कॅसेट उलटून काकूंची बाजू लावली आणि डावीकडून-उजवीकडून दोन काकू एकदम बोलू लागल्या. स्पीकर पास झाला.

मग आला त्यांचा तो नियम. काढलेला जुना भाग गाडीच्या मालकाच्याच हाती गेला पाहिजे. गिऱ्हाइकाला उद्या वाटायला नको, की चांगला स्पीकर काढून ठेवून घेतला.

"गाडी कोनाच्या नावावर हाय?"

"सासूबाईंच्या."

"मंग तिच्या हाती."

त्यांनी स्पीकर धानासकट कागदात गुंडाळून सुतळीनं बांधला. मी गयावया केली, निदान कोंडा तरी झाडून टाका म्हणालो. "कायले झाडू? मी खोटं बांधून देत नाही. तुमाले बोलाचं असन तं तुमी बोला."

आसगावला पोचलो तर मामाजी फाटकात उभे. गाडी थांबायच्या आत खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "जवाईबापू, तो जुना स्पीकर कुठं फेकला?" मी तोवर स्पीकरचा 'स्'सुद्धा उच्चारला नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या एका नजरेत आमचं सगळं बोलून झालं. ते पुटपुटले, "एकच खेप केली होती. गिरनीवाला थांबाले तयार नव्हता. तुमाले ती काही म्हननार नाही. मले तं गावात तोंड दाखवू देनार नाही." मी मान डोलावली आणि पुडकं घेऊन आत गेलो.

सासूबाईंसमोर मी हात जोडून उभा राहिलो. आवाज जास्त केला, स्पीकर फाटला, नवा बसवून आणला, चूक माझी. त्यांनी शांतपणे सुतळी सोडली. धान घरंगळत त्यांच्या पायाशी गेलं. उभ्या नोकरीत हजार पोरांच्या सबबी ऐकलेल्या त्या बाईनं एक दाणा उचलून दातानं फोडला.

"आवाज वाढवला का धान पिकते काय, जावईबापू?"

मी वाकून धान वेचू लागलो.

"बाहेर उभे असतील, त्यांना बोलवा."

किल्ली त्याच दिवशी सासूबाईंच्या कनवटीला गेली. पावसाळा संपेपर्यंत त्या स्वतः गाडी चालवायला शिकल्या. मामाजी मागच्या सीटवर, फळीला पाठ लावून.

पुढे मी काकांना विचारलं, की त्या दिवशी कोंडा झाडला असता तर तुमचं काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "पयल्याच वर्षी सासऱ्याचं पाप अंगावर घेतलं का मंग पेन्शन लागेपर्यंत घेत राहावं लागते." घरात आणि कचेरीत मिळून किती पापांतून या वाक्यानं मला वाचवलं, ते सांगत बसलो तर दुसरा लेख होईल.

काका मागच्या हिवाळ्यात गेले. बातमी कळल्यावर सासूबाईच म्हणाल्या, जायला पाहिजे. आम्ही तिघं गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणाशी काही बोलत नव्हत्या, चहालाही शिवल्या नव्हत्या. मामाजींना पाहून त्यांनी हळूच विचारलं, "धानवाले तुमीच काय? लय सांगे तुमची गोष्ट."

मामाजींनी मान खाली घातली. त्या बाईला हसवावंसं त्यांना वाटलं असेल, किंवा त्या घरात खोटं बोलवत नसेल.

"होय, वयनी. आनि आता तुमच्यापासून काय लपवू, एक खेप नव्हती. सहा होत्या."

काकूंना हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मामाजींकडे मात्र त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

परतताना गाडीत मी आणि सासूबाई असे दोघंच होतो. मामाजी मागून एसटीनं आले.