पाण्याच्या कडेचा दगड

मी वेलिंग्टनहून गाडीने ऑकलंडजवळच्या मनुरेवाला घरी परतत होते. डेझर्ट रोडवर अचानक पाण्याचा लोंढा आला आणि पुढचा रस्ताच दिसेना. एरवी त्या ओसाड माळावर पाणी औषधालाही सापडत नाही.

पुढच्या गाडीतले साठीचे माओरी गृहस्थ भिजल्या जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, उतरले. पाण्याच्या कडेला दगड ठेवून पाणी चढतंय की उतरतंय ते बघत राहिले. दगड बुडाला. मागे सरून त्यांनी दुसरा ठेवला.

मी चौकशी केली तसे म्हणाले, "आई गेली. तिच्याकडेच निघालोय. आमच्यात मूठमाती देईपर्यंत प्रेताला एकटं सोडत नाहीत."

"मग घरचे बसले असतील ना सोबत?"

"बहीण होती, ती मागच्या वर्षी गेली. आता घरचा म्हणजे मीच."

दुसराही दगड बुडाला होता. मी वाकून तिसरा उचलला आणि त्यांच्या हातात दिला.