येडूची हाळी

पेपराचं नाव काढलं की माझ्या टाळक्यात सनक जाते. खोटं कशाला सांगू? रोज सांजचं माझ्या खानावळीत पेपर वाचला जातो, आन् रोज मी चुलीम्होरं भाकऱ्या थापत त्यो ऐकते. मागं म्हनं विलायतेच्या बादशानं बाईपायी गादी सोडली. सोडू दे की! त्याआदी म्हनं कुनी हबशांच्या मुलखात इमानातनं बाँब टाकले. बिचारे हबशी. आता निवडनुका झाल्या, काँग्रेस निवडून आली, तर मंत्री व्हायचं का न्हाय ह्याच्यावर मोठी मोठी मान्सं डोकी खाजवत बसल्यात. बसा म्हनावं निवांत. हितं चाळीत नळाला दुपारपतुर पानी येत न्हाय आन् गिरनीत दोघांचे माग एकट्यानं बगायची पाळी आलीया, ते कोन छापतंय?

मी बजाबाई, करकंबची. मानमोडीच्या साथीत नवरा गेला, तवा सोलापूर गाठलं आन् गिरनीच्या चाळीखाली खानावळ घातली. तोंडानं फाटकी हाय, पन माझी भाकरी कुनी टाकून उठत न्हाय. पेपर वाचतो त्यो शिवपुत्र. मैंदर्गीचा, घरात कानडी बोलतो, गिरनीत हजेरी मांडतो. मानूस सरळ हाय. आन् त्या खांबाला टेकून, भिताडाकडं तोंड करून जेवतोय, त्यो येडू धनगर. त्येच्याम्होरं पेपर वाचा नायतर पोथी वाचा, त्यो मान वर करायचा न्हाय. तुमाला वाटंल बहिरा हाय. एके काळी ह्या चाळीत पेपराचा त्येच्याएवढा भोक्ता कुनी नव्हता, असं सांगितलं तर तुमी मलाच येड्यात काडाल.

येडू सांगोल्याकडल्या माळावरचा. दुष्काळात मेंढरं पाय खोडून मेली. म्हातारी केराबाई गावी ऱ्हायली आन् हे दोघं भाऊ, थोरला येडू आन् धाकटा सिदू, घोंगडी खांद्यावर टाकून गिरनीच्या दारात येऊन उभं ऱ्हायलं. बाप लवकर गेल्याला. येडूनंच सिदूला खांद्यावर बसवून मेंढरामागं वाढीवला व्हता. सिदू मोटा अबोल. "जेवला का?" म्हनलं तर मान हलवनार, "भाजी वाढू का?" म्हनलं तर मान हलवनार. पन येडूनं ऊठ म्हनलं की उठनार आन् बस म्हनलं की बसनार. "सिदूचं दोनाचं चार हात केले की म्या मोकळा, आक्का," असं येडू मला सारखं म्हनायचा. मी पोरगी बी बगून ठेवली व्हती त्येच्यासाटी.

येडूला अक्षर वळखू येत नव्हतं, पन बातमीची तहान लई. कामावरनं आला की हातपाय धुवायच्या आदी इचारनार, "शिवपुत्रअप्पा, आज कुटं काय झालं?" आन् बातमी ऐकली की तिच्यावर ह्येचा शेरा आलाच म्हनून समजा. सायमन सायबाच्या कमिशनाचं ऐकून म्हनला, "आमचा निवाडा कराया आले आन् पंचात आमचा एक बी मानूस न्हाय? मंग कसली ती पंचाईत!" बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी सरकारचा सारा भरला न्हाय हे ऐकलं, तवा तर भाकरीचा घास हातात धरून नाचायचाच बाकी ऱ्हायला व्हता. आन् ऐकलेलं पोटात ठेवायची सवय न्हाय. जेवून उठला की चाळभर सांगत सुटायचा. मी म्हनायची, "आरं मुडद्या, गप गिळ की! तुला काय लाटसायबानं दवंडी पिटाया ठेवलाय का?" तर म्हनायचा, "आक्का, आमच्या धनगरात कानावर आलेली हाळी फुडं द्यावी लागती. अडवून ठेवली तर पाप लागतंय."

ती हाळी काय असती ते सांगते, मला बी त्यानंच सांगितलं. माळावर लांडगा आला, चोर आला, न्हायतर गंजीला आग लागली, काय बी हुंदे, पयल्यांदा बगील त्यानं तोंडाला दोनी हात लावून वरडायचं. त्यात शब्द न्हाईत. वाऱ्यात शब्द कुटं टिकत्यात? नुसतं लांबलचक "हुऽऽऽओऽऽऽ". ती कानावर पडली की बायांनी कोकरं आत घ्यायची आन् गड्यांनी काठी उचलून हाळीच्या दिशेनं पळत सुटायचं. हातातली भाकरी टाकून पळायचं. का आन् कशाला, ते इचारायचं न्हाय.

एकदा तर ह्या हाळीपायी हसून हसून आमची पोटं दुकली. भर दुपारी कुनीतरी शेळी पळवतंय असं येडूला दिसलं, आन् दिली की त्यानं हाळी! आजूबाजूच्या चाळीतलं समदं धनगर काठ्या घेऊन धावलं. चोर धरला, त्यो निगाला खाटीक. "मेरीच बकरी है रे बाबा, कायकू मारते!" म्हनून त्यो गळा काडतोय आन् हे वीस-पंचवीस गडी त्येला घेरून उभे. फुडं कितीतरी दिस आमी येडूला खाटकाची शेळी म्हनून चिडवत व्हतो. आज ते आठवलं की मला माझ्याच हसन्याचा राग येतो.

मंग त्यो तीस सालचा वैशाख आला. गांधीबाबाला धरल्याची बातमी आली आन् सोलापूर खवळलं. गिरन्या बंद, रस्त्यानं मिरवनुका, मंग गोळीबार, मंग चौक्या पेटल्या. पोलीस गाव सोडून गेले. येडूचे पाय जमिनीला लागंनात. "आक्का, पेपरातलं आपल्या दारात आलं की!" मी म्हनले, "आलंय खरं, पन घान झाली तर ती बी आपल्यालाच झाडाय लागंल." मंग लष्कर आलं आन् मार्शल लॉ पुकारला. पांढरी टोपी घालायची चोरी, झेंडा धरायची चोरी, दिवस बुडाल्यावर दाराबाहीर पडायची चोरी. गावातले पेपर बंद झाले. शिवपुत्र गिरनीच्या हाफिसात ऐकलेलं तेवडं तोंडी येऊन सांगायचा.

त्या दिवशी दिवस बुडाया आला व्हता. उकाडा मरनाचा. बाया नळावर, गडी ओट्यावर. सिदू माझ्याकडं भाकरी आन् शेंगाची चटनी खात बसला व्हता, येडू त्येच्या शेजारी. तेवड्यात शिवपुत्र घामाघूम होऊन आत आला. "अक्का, लष्कराची मोटार आपल्या चाळीकडं वळली. बाहेर दिसंल त्याला गोळी घालतील म्हणतात. सगळ्यांना आत घ्या, सगळ्यांना!" येडू ताटावरनं उठला आन् पळत बाहीर गेला. समोर गिरनीच्या राखेचा मोटा ढीग व्हता, त्येच्यावर चढला. मला वाटलं ह्येचं डोकं फिरलं.

आन् त्यानं हाळी दिली.

खरं सांगते, पयल्यांदा मला बरं वाटलं. नळावरच्या बाया पोरं उचलून पळाल्या, धडाधड दारं लागली. मी म्हनले, शाबास रे पठ्ठ्या! आन् मंग माझी नदर सिदूकडं गेली. त्यो भाकरी टाकून उभा ऱ्हायला व्हता. कोपऱ्यातली काठी त्येच्या हातात व्हती. "सिदू, खाली बस! आरं, बाहीर जायाचं न्हाय!" मी वरडले, त्येच्या आडवी गेले. पन थोरल्या भावाची हाळी पडल्यावर माझं कोन ऐकतंय? मला बाजूला सारून त्यो गेला. आजूबाजूच्या चाळीतनं बी धनगर निगाले, काठ्या घेऊन, हाळीकडं. येडूनं ढिगावरनं ते बगितलं. दोनी हात हलवून "मागं फिरा! मागं!" म्हनून ऊर फोडून वरडाया लागला. त्यो जितका वरडंल तितकं हे जास्ती जोरानं पळत व्हते. सिदू समद्यांच्या फुडं व्हता. मोटार कोपऱ्यावरनं वळली आन् गोळी सुटली. सिदू ढिगाच्या पायथ्याला पडला. त्येच्या बोटाला माझी चटनी तशीच व्हती.

मुडदा त्यांनी मोटारीत घालून नेला, परत दिला न्हाय. येडू गावी जाऊन म्हातारीला सांगून आला. तिला काय सांगितलं ते त्यो कदी बोलला न्हाय, पन केराबाईनं त्यानंतर सोलापूरचं तोंड बगितलं न्हाय.

फुडं मार्शल लॉ उठला, पेपर यायला लागले. येडू परत शिवपुत्राम्होरं येऊन बसाया लागला. पन आता त्येला ना सायबाची बातमी पायजे ना काँग्रेसची. एकच इचारायचा, "अप्पा, सिदूचं आलं का?" शिवपुत्र पानं उलटीपालटी करून म्हनायचा, "नाही रे." दुसऱ्या दिवशी परत तेच. मी एकदा वैतागून म्हनले, "आरं, छापून आल्यानं त्यो परत येनार हाय का?" तर म्हनला, "न्हाय आक्का. पन सिदूनं काय बी केलं नव्हतं, हे गावागावाला कळाया नगं का? एवडी तरी हाळी फुडं जाया नगं का?" मी पदरानं डोळं पुसलं आन् चुलीत फुकर घातली.

आन् एक दिवस आलं. भर पावसाळ्याचं दिस व्हते. शिवपुत्र वाचता वाचता थांबला आन् त्यानं पान उलटलं. येडूनं ते बरुबर हेरलं. "काय हाय अप्पा? वाचा." "होगली बिडु, येडू," शिवपुत्र कानडीत पुटपुटला, म्हंजी जाऊ दे. "वाचा म्हंतोय न्हवं!" मंग त्या बापड्यानं मान खाली घालून वाचलं. सरकारी चौकशीतलं काहीतरी व्हतं ते. मला अजून पाठ हाय: "गिरणी भागात लाठ्या घेऊन लष्करावर चाल करून येणाऱ्या जमावावर नाइलाजाने गोळी झाडावी लागली. एक दंगेखोर ठार झाला. एक इसम ढिगाऱ्यावर चढून आरोळ्या ठोकून जमावास चिथावणी देत होता. तो पसार आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छापनाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला. दंगेखोर म्हनं! ज्येच्या तोंडातनं कदी शब्द फुटला न्हाय, त्यो दंगेखोर! तर येडूच मला म्हनला, "आक्का, शिव्या नगा दिऊ. काठ्या व्हत्या. ढिगावर म्या चढलो व्हतो. म्याच वरडत व्हतो. खोटं काय लिवलंय त्यांनी?" आन् फुडं म्हनला, "आमच्यात एकच हाळी हाय की. पळत या म्हनायची. आत जावा, दार लावून घ्या, अशी हाळीच न्हाय आमच्यात. ते त्या टायमाला माझ्या ध्यानात आलं न्हाय." मंग आपलं ताट उचललं आन् भिताडाकडं तोंड करून बसला. तवापासनं त्यो तसाच बसतोय.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याच दंग्यापायी सोलापूरच्या चौघांना फाशी झाली, तवा घराघरात चूल पेटली न्हाय. त्यांची नावं आज ल्हानथोरांच्या तोंडात हाईत. असू देत, सोन्यासारखी मान्सं व्हती ती. पन कदी कदी मला वाटतं, सिदूचं नाव घेनारं कोन? एक येडू, आन् एक मी. आमी दोघं गेलो की संपलं. म्हनून म्हनते, त्या पेपरात काय बी छापून येऊ दे, मंत्री होऊ देत न्हायतर संत्री, आमच्यासारख्याचं त्यात काय बी खरं न्हाय.

आन् आता ह्या वैशाखात ते झालं. आमच्या चाळीच्या टोकाला ईरम्मा म्हनून म्हातारी ऱ्हायची. एकटीच, डोळं गेल्यालं, वाती वळून पोट भरायची. खोलीत कापसाची पोती. दुपारची येळ, रातपाळीचे गडी घराघरात झोपलेले. ठिनगी कुटली पडली देव जाने. येडू ओट्यावर बसला व्हता, धूर पयल्यांदा त्यानंच बगितला. त्यो माझ्याकडं पळत आला आन् माझा दंड धरला. डोळं पांढरं. दोनी हात तोंडाला गेले, तोंड उगडलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, पन आवाज म्हनून निगंना. "काय झालं रे? बोल की!" मी म्हनले. त्यो नुसता मला वडत ऱ्हायला. मी बाहीर येऊन बगितलं, बोंब ठोकली, गडी उठून घागरी घेऊन आले, तवर ईरम्माच्या खोलीचं छप्पर खाली आलं व्हतं.

सांजच्याला शिवपुत्रानं पेपर उगडला बी न्हाय. येडू आपल्या जाग्यावर, भिताडाकडं तोंड करून बसला व्हता. मला ऱ्हावलं न्हाय. ईरम्मा माझ्या हातचं खायाची, रोज माझ्या नावानं एक वात देवाला लावायची. मी येडूच्या खांद्याला धरून त्येला गदागदा हलवला. "मेल्या, हाळी का न्हाय दिलीस? समदी चाळ उठून आली असती! म्हातारी वाचली असती की रं!"

येडूनं मान वळवली. कितीतरी वर्सांनी त्यानं माझ्या तोंडाकडं बगितलं.

"आली असती की, आक्का," त्यो म्हनला. "समदी पळत आली असती. सिदू बी तसाच आला व्हता."