घाटातली दशमी

तव्यावर दशम्या भाजायला लागले की मला कॅलिफोर्नियातल्या सिएरा डोंगरांच्या घाटात अडकलेली ट्रेन आठवते. सासूबाई पुण्याहून फ्रीमाँटला आल्या होत्या, त्यांना बर्फ दाखवायला निघालो होतो. त्यांनी डबाभर दशम्या घेतल्या.

"आई, ट्रेनमध्ये कॅफे आहे हो!" मी वैतागले होते.

घाटात वादळाने गाडी थांबली. पुढे बर्फ काढणारं इंजिन रूळ मोकळे करत होतं. संध्याकाळपर्यंत कॅफेतलं सगळं संपलं. सासूबाईंनी डबा उघडला, पहिली दशमी समोरच्या अनोळखी बाईला दिली, मग मला.

"घाटात गाडी थांबायचीच गं," एवढंच म्हणाल्या.

उद्या लेक त्याच गाडीने निघालीये. नको म्हणत होती, तरी डबा भरलाय. समोर बसेल त्याच्यासाठी दोन दशम्या जास्तच घातल्यात.