रिकामी हाक

पुसेगावच्या माळावर चंद्रभागाबाईंनी हाक दिली की नाल्यापलीकडची मेंढरं माना वर करत. धनगराच्या घरात चाळीस वर्षं त्यांचं तेच काम. त्या हाकेला कुणी गाणं म्हटलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही.

लेकीच्या बाळंतपणाला त्या स्वीडनला गेल्या. लेक रागिणीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, माय, इथं हळू बोलायचं, भिंतीपलीकडं ऐकू जातं. त्या हळू बोलू लागल्या.

लेकरू दोन महिन्यांचं झालं तसा जावई सोमेश्वर सगळ्यांना एक जुनं गाव दाखवायला घेऊन गेला. लाकडी घरं जपून ठेवलेली, लोक तिकीट काढून बघायला येतात. तिथं सत्तरीची एक म्हातारी डोक्याला फडकं बांधून उभी राहिली आणि तिनं हाक दिली. उंच, बारीक, टेकडीला लागून परत येणारी. डोंगरावरची गुरं बोलवायची ही इथल्या बायकांची जुनी रीत, असं सोमेश्वरनं सांगितलं. चंद्रभागाबाईंच्या अंगावर काटा आला. आपलंच काम, पण परक्या गळ्यात. शेजारी बघतात तर रागिणीचे डोळे भरलेले आणि मोबाइल वर धरलेला.

"माय, काय आवाज हाय गं," ती म्हणाली.

चंद्रभागाबाईंना ते झोंबलं. हीच रागिणी सातवीत असताना शाळेतून रडत आली होती. पोरी तिच्या मायच्या हाकेची नक्कल करत होत्या. तू वरडत जाऊ नको, म्हणाली होती. तेव्हापासून चंद्रभागाबाईंनी शाळेच्या बाजूनं मेंढरं नेणंच सोडलं, रोज लांबचा फेरा घेतला. आणि या म्हातारीपुढं बाकं मांडलेली, लोक टाळ्या वाजवून राहिलेले.

पुढचे आठ दिवस घरात ती म्हातारीच. लेकराला झोपवायला मोबाइलवर तीच हाक. चंद्रभागाबाई पाळणा हलवत आणि मनात म्हणत, ही उठवायची हाक हाय, झोपवायची न्हाई, एवढं तरी पोरीला कळावं. एका सकाळी बिरोबाचं नाव घेऊन हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, देवा, तिचा घसा बसू दे. लगेच त्यांनी कान धरले. पण शब्द तर गेला होता.

पुढच्या शनिवारी रागिणीच्या हट्टानं परत तिथंच गेले. म्हातारीच्या गळ्याला मफलर. सर्दीनं आवाज पार गेलेला. चंद्रभागाबाईंना थंडीत घाम फुटला. त्या बाकावर खाली मान घालून बसल्या.

रागिणी म्हातारीशी काहीतरी बोलून आली. "माय, मी सांगितलं तिला तुझं. तू दे ना हाक. सगळे थांबलेत."

आठ दिवस जीव ज्याच्यासाठी तुटत होता ते समोर आलं. चंद्रभागाबाईंनी इकडं तिकडं बघितलं. "मेंढरं कुठंत?"

"मेंढरं कशाला? नुसतं ऐकायचंय लोकांना."

जनावर नसताना हाक देऊ नये, हे त्यांच्या सासूनं लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. रिकामी हाक दिली की पुढं मेंढरू त्या आवाजावर विश्वास ठेवत नाही. त्यांनी मान हलवली. लोक उठून पांगले.

"आता काहून लाजून राहिली?" रागिणी चिडून म्हणाली आणि लेकराला घेऊन गाडीकडं गेली.

चंद्रभागाबाई मागं रेंगाळल्या. घरांच्या पाठीमागं उतारावर म्हातारीची दहा-बारा मेंढरं चरत होती. आभाळ भरून आलेलं. म्हातारी फाटकाशी उभी राहून तोंड उघडत होती आणि आवाज फुटत नव्हता. चंद्रभागाबाई कुंपणाशी गेल्या, कानामागं हात धरला आणि माळावरची हाक पुरती सोडून दिली.

मेंढरांनी माना वर केल्या. थोडा वेळ तशीच उभी. मग एक काळ्या तोंडाची मेंढी निघाली आणि बाकीची तिच्यामागं.

म्हातारीनं फाटक उघडलं, एकेकीच्या पाठीवर हात ठेवत आत घेतली. शेवटची आत गेल्यावर तिनं चंद्रभागाबाईंकडं बघितलं. हसली नाही. ती नजर चंद्रभागाबाईंना चांगलीच ओळखीची होती. आठ दिवस तोच हेवा त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत होता. त्यांना वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं.

तेवढ्यात रागिणी धापा टाकत आली. गाडीपर्यंत आवाज गेला होता. "माय, परत एकदा दे. म्या मोबाइल काढलाच न्हाई गं."

"मेंढरं आत गेली की," चंद्रभागाबाई पदर सावरत म्हणाल्या. "आता कुणाला देऊ?"